धाकू मिस्त्रीच्या छातीतल्या दोन वायरी

धाकू मिस्त्री माणसांना अरे-तुरे करायचा आन् हत्यारांना अहो-जाहो. सरपंच असो नाहीतर तालुक्याचा साहेब असो, "काय रे, पाणी पायजे ना? मग सावलीत बस गप." आन् पाइप वर ओढायच्या चेनपुलीला मात्र, "साहेब, जरा वर या. सावकाश." मोठ्या पान्याला तो अण्णा म्हणायचा. मी सोळा वर्षं त्याच्या हाताखाली काढली, मला शेवटपर्यंत "ए पांड्या". एकदा मी चिडलो. म्हटलं, "मिस्त्री, पान्याला अण्णा आन् मला पांड्या? माझी काय इज्जत हाय का न्हाय?"

तो म्हणाला, "अण्णांनी आजपर्यंत माझं काय बिघडवलं न्हाय. तुझं तू बघ."

बघायला काय, माझी यादी मोठी हाय. म्हणून तर सांगायला बसलोय.

आमचं काम हापशांचं. म्हसळ्यापासून श्रीवर्धनपर्यंत ज्या गावचा हापसा बंद पडेल तिथं जायचं, शंभर-सव्वाशे फूट खोल सोडलेले पाइप एकेक करून वर काढायचे, वायसर बदलायचं आन् परत सोडायचे. मी ह्या धंद्यात आलो तेव्हा दोन पोरांचा बाप होतो. शाळा चौथीपर्यंत, ती पण दोनदा. त्याच्या आधी मासळीच्या टेम्पोवर होतो, तिथून काढलं. मग काशीदच्या किनाऱ्यावर टुरिस्ट लोकांना घोड्यावर बसवायचो. घोड्यानं मला तीनदा पाडलं, तेव्हा मालकानं विचार केला आन् घोडा ठेवला, मला काढलं. मग वहिनीच्या, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोच्या ओळखीनं मिस्त्रीकडं लागलो. वहिनी आमच्याच वाडीतली. तिला वाटलं, गरीब माणूस हाय, करील काम. फसली.

ह्या धंद्यात एकच गोष्ट कठीण. पाइप खाली अडकला की. पावसाची माती आत उतरते, पाइपाभोवती बसते, वर गंज चढतो, आन् पाच-सात वर्षांनी पाइप कुठं संपतो आन् भोक कुठं सुरू होतं ते देवाला पण कळत न्हाय. दुसरे मिस्त्री अशा वेळी ट्रॅक्टर आणून दोर बांधायचे. ओढला की एक तर पाइप मध्येच तुटतो, न्हायतर भोक आतून ढासळतं. मग गावाला पाणी न्हाय. धाकू मिस्त्री ट्रॅक्टरवाल्याला लांबूनच हाकलायचा. पहिल्या दिवशी तो कशालाच हात लावायचा न्हाय. पाइपावर कान ठेवायचा, पान्यानं दोन टिचक्या मारायचा, खडूनं कायतरी खूण करायचा, आन् बिडी न ओढता नुसती ओठात धरून बसायचा. लोक म्हणायचे, मिस्त्री, काम कधी? तो म्हणायचा, "चाललंय की."

त्याचं एकच म्हणणं. "आधी सोडवायचं. ओढायचं सगळ्यात शेवटी."

मला हे सोळा वर्षं रोज सांगितलं. पहिल्याच वर्षी एका वाडीत मिस्त्री चहा प्यायला गेला, आन् मला वाटलं, तो येईपर्यंत पाइप काढून ठेवला तर खूश होईल. घातली चेनपुली, मारला जोर. आतून आवाज आला, काकडी मोडल्यासारखा, आन् साखळी एकदम हलकी झाली. मी खूश! मला वाटलं सुटला. तीन पाइप वर आले आन् चौथ्याच्या जागी नुसता वारा.

मिस्त्री आला. साखळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं न्हाय. म्हणाला, "किती वर आले?"

"तीन."

"म्हणजे सत्तर फूट खाली ऱ्हायलेत." बस, एवढंच.

तीन दिवस तो त्या भोकापाशी बसला. त्याच्याकडं घरी बनवलेली तीन हत्यारं होती. एक गळ, तुटलेल्या पाइपाला बाहेरून अडकवायला. एक लांब सळई, तिच्या टोकाला पाकळ्या. ती पाइपाच्या आत घालायची आन् वरून पीळ दिला की पाकळ्या फुलायच्या आन् पाइपाला आतून धरायच्या. आन् तिसरी मोठ्या मापाची नळी, तिच्या तोंडाला दाते. ती अडकलेल्या पाइपावरून टोपी घालावी तशी उतरवायची आन् गोल गोल फिरवत खाली न्यायची, म्हणजे भोवतीचा गाळ कापत जाते. आतून धरायचं, बाहेरून मोकळं करायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी सत्तर फूट पाइप असा वर आला, जसं काय त्यालाच यायचं होतं. त्या तीन दिवसांत एक म्हातारी रोज रिकामा हंडा घेऊन यायची, माझ्याकडं बघून थुंकायची आन् जायची. मिस्त्रीकडं बघून न्हाय. लोक बरोबर माणूस ओळखतात.

मिस्त्रीच्या छातीत मशीन बसवलं ते त्यानंतर चार-पाच वर्षांनी. श्रीवर्धनला एका सुपारीच्या वाडीत हापशाचा दांडा धरून उभा होता तो उभाच्या उभा आडवा झाला. मी त्याच्या तोंडावर पाणी मारायला हापसा मारतोय, आन् हापसा आम्हीच उघडून ठेवलेला. मुंबईत डॉक्टर म्हणाले, हृदय मधेच ठोका विसरतंय. डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत काडेपेटीएवढी डबी बसवली आन् तिच्यातून दोन वायरी शिरेतनं थेट हृदयात सोडल्या.

परत आला तो नवी नवरी दाखवावी तशी छाती दाखवत. डबीला तो पावणे म्हणायचा. "हात लाव, लाव, पावणे चावत न्हायत. फुकट पण ऱ्हात न्हायत, काम करतात. ह्या पांड्यासारखं न्हाय." म्हणजे हत्यारांत आणखी एकाची भर पडली, आन् मी होतो तिथंच.

डॉक्टरनं त्याला सांगितलेलं की वेल्डिंगच्या मशीनजवळ जायचं न्हाय. म्हणून वेल्डिंग माझ्याकडं आलं. मिस्त्री वीस पावलांवर पाठ करून उभा ऱ्हायचा आन् नुसत्या आवाजावरून ओरडायचा, "ए पांड्या, जोडतोयस का तळतोयस?" मी तळतच होतो. माझे जोड पाहून लोक विचारायचे, हे कोणी चावलंय का?

दहा-अकरा वर्षं पावण्यांनी बिनबोभाट काम केलं. मग बॅटरी संपली म्हणून जुनी डबी काढून नवी घातली. वायरी त्याच ठेवल्या. मिस्त्री म्हणाला, "पावण्यांची बदली झाली." आम्ही हसलो.

इथपर्यंत हसायचं होतं तेवढं हसून झालं.

बदलीनंतर पाच महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, डबीवरची कातडी लाल झाली. मग फुगली. हात लावला तर गरम. मिस्त्री म्हणाला, "मुंबईला दाखवून येतो." मी म्हणालो, "कशाला? गळू हाय ते. चार दिवसांत पिकवून देतो." माझी आय आख्ख्या वाडीची गळवं पिकवायची. गव्हाचं पीठ, हळद, कांदा, तेल, शिजवून गरम गरम फडक्यात बांधायचं. त्याला आम्ही पोटीस म्हणतो. माझ्या पाठीवर, मांडीवर, सगळीकडं आयचे डाग हायत. मला त्यातलं कळतं असं मला वाटायचं. मला ज्यातलं कळतं असं वाटतं त्याची पण यादी मोठी हाय.

गावोगाव हापसे बंद, बायका दोन दोन कोस चालतायत, रोज चार माणसं दारात. मिस्त्रीनं एक डोळा बारीक करून माझ्याकडं बघितलं आन् म्हणाला, "तुला येतंय ना पण?"

"व्हय! म्हणजे काय!"

सोळा वर्षांत त्यानं माझं एकदाच ऐकलं.

वहिनीकडून पीठ मागून आणलं. तीन दिवस संध्याकाळी काम उरकलं की मिस्त्री ओट्यावर बसायचा, मी त्याच्या खांद्यावर पोटीस बांधायचो. काखेतून फडकं घेऊन पाठीवर गाठ. चौथ्या दिवशी ते फुटलं. मी नाचलो. "फुटलं, मिस्त्री! फुटलं!" आन् जे काय आत होतं ते मी दोन्ही अंगठ्यांनी दाबून काढलं. ह्याच अंगठ्यांनी. सकाळपासून चेनपुलीला ग्रीस लावत होतो, मग चड्डीला पुसले आन् लागलो. मग पुसून बघतो तर भोकाच्या तोंडाशी कायतरी चमकलं. हाड न्हवतं. चांदीच्या पैंजणासारखं.

मिस्त्रीनं मोटरसायकलचा आरसा वळवून त्यात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पांड्या," तो म्हणाला, "डबी उघडी पडली."

म्हसळ्याच्या डॉक्टरनं पट्टी केली, गोळ्या दिल्या आन् सांगितलं, आजच्या आज मुंबईला जा. आम्ही गेलो न्हाय. दोन हापसे उघडून ठेवलेले होते. मी रोज पट्टी वर करून बघायचो आन् सांगायचो, "सुकत आलंय, मिस्त्री." सुकत न्हवतं. मला सुकायला पायजे होतं. असे तीन आठवडे गेले. मग एका दुपारी, उन्हात पत्रा तापलेला, मिस्त्री घोंगडी मागायला लागला. दात वाजत होते. तेव्हा मुंबईला नेलं.

त्या मोठ्या हॉस्पिटलात एक बाई डॉक्टर होती, चाळिशीची, केसाचा घट्ट अंबाडा, आवाज हळू. तिनं पट्टी सोडून बघितलं आन् विचारलं, "ह्याच्यावर काय लावलं होतं? कोणी?"

खोलीत वहिनी होती, पनवेलच्या कंपनीत काम करणारा त्यांचा मुलगा महेश होता, आन् मी होतो. मी पंख्याकडं बघायला लागलो. पंख्याला तीन पाती होती. मी परत मोजली.

"पोटीस लावलं," मिस्त्री म्हणाला. "माझं मीच."

"तुमचं तुम्ही बांधलंत?"

"बांधलं की. मिस्त्री हाय मी."

वहिनी कपाळावर हात मारून म्हणाली, "अवो, मला तरी विचारायचं!" महेश म्हणाला, "पप्पा, तुमी पण ना, हद्द हाय." आन् मी, मी मान हलवली. हद्द हाय, अशी.

डॉक्टरबाईनं समजावून सांगितलं. जंतू डबीवर हायत, वायरींवर हायत, हृदयातल्या टोकाला पण त्यांची गाठ झालीय. गोळ्या-इंजेक्शनांनी ते मरणार न्हायत. डबी आन् दोन्ही वायरी, सगळं बाहेर काढायला लागेल. डबी सोपी हाय. वायरी अकरा वर्षांच्या. शिरेच्या आतून मांस त्यांच्यावर चढलंय, हृदयाला चिकटल्यात.

मिस्त्री तापानं डोळे मिटून पडला होता. त्यानं डोळे उघडले.

"म्हणजे गाळ बसलाय."

"हो," ती म्हणाली, "तसंच काहीसं."

"मग तू ओढणार कशी गं बाय?"

वहिनीनं त्याला चिमटा काढला, डॉक्टरला अगं-तुगं करतो म्हणून. डॉक्टरबाई हसली न्हाय, चिडली पण न्हाय. म्हणाली, "ओढायचं शेवटी. आधी सोडवायचं."

मिस्त्री कोपरावर उठून बसला. ताप चढल्यापासून पहिल्यांदा. म्हणाला, "हत्यारं दाखव."

महेशनं मोबाईल काढला. "पप्पा, मी सगळं बघितलंय. लेझर करू. एकदम लेटेस्ट हाय. उजेड मारतात, बास, मोकळं. दुसऱ्या हॉस्पिटलात हाय, आपण तिकडं जाऊ." मी लगेच म्हणालो, "व्हय, लेझरच बरं." मला लेझर म्हणजे जत्रेत भिंतीवर लाल ठिपका मारतात तेवढंच ठाऊक.

डॉक्टरबाई आत गेली आन् शिकवायला ठेवलेला एक ट्रे घेऊन आली. तिच्या मागं दोन शिकाऊ डॉक्टर होते, ते आमच्याकडं मजा म्हणून बघत होते. थोड्या वेळानं त्यांची मजा गेली.

तिनं आधी एक केसासारखी बारीक तार दाखवली. "वायर आतून पोकळ असते. ही आत टोकापर्यंत घालायची आणि वरून खेचली की ती आत फुगून घट्ट बसते. म्हणजे वायर पूर्ण लांबीत धरली जाते. मधेच तुटत नाही."

"आतून धरायची," मिस्त्री म्हणाला. "बरोबर. मग गाळ?"

तिनं एक साधी प्लास्टिकची नळी दाखवली. "ही वायरीवरून चढवून पुढे ढकलायची. नवी वायर असेल तर चालते. तुमच्या वायरीला नाही पुरणार." मग दुसरी, तिच्या मागं पिस्तुलासारखा दांडा. दांडा दाबला की नळीच्या तोंडाची धार गरगर फिरायची. "ही कापत पुढे जाते." मिस्त्रीनं ती हातात घेतली. दांडा दाबला. परत दाबला. तोंड कानाशी नेलं. शिकाऊ डॉक्टर एकमेकांकडं बघायला लागले.

"आन् लेझर?"

"लेझरची नळी पण अशीच वायरीवरून जाते. फक्त कापायच्या ऐवजी तोंडापाशी मांस जाळत जाते. मऊ भागात छान चालते."

"अडते कशानं?"

"चुना धरला असेल तर. जुन्या वायरींवर जागोजागी दगडासारखं झालेलं असतं. तिथे लेझर अडते, ही फिरणारी जाते."

"आन् ही फिरणारी चुकते कुठं?"

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून दाखवलं, खांद्याकडून आत आन् मग खाली. "इथे वळण आहे. मोठी शीर हृदयात उतरते तिथे. भिंत पातळ असते. वायर ताणून सरळ धरली नाही तर नळी वळणावर भिंतीत शिरते. दोन्ही हत्यारांनी होऊ शकतं."

"भिंत फाटली तर?"

"छातीचे सर्जन बाजूला तयार उभे असतात. छाती उघडायची. वेळ फार कमी असतो."

"आन् वायर तुटून आत ऱ्हायली तर?"

"मग जांघेतल्या शिरेतून फास घालायचा आणि खालून पकडायची."

"गळ," मिस्त्री मला म्हणाला. "बघ पांड्या, सगळं तेच हाय. फक्त आपल्या भोकाला दुखत न्हाय." मग तिला म्हणाला, "तुझा हात कशावर बसलाय?"

"ह्या फिरणाऱ्यावर. लेझर मी शिकले आहे, पण हात ह्याच्यावर बसलाय."

"तुझ्या हातून कधी फाटलं?"

महेश म्हणाला, "पप्पा, असं काय विचारता?" डॉक्टरबाईनं ट्रे टेबलावर ठेवला.

"एकदा," ती म्हणाली.

"मग?"

"पेशंट गेला."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. महेश उठला, "चला पप्पा, आपण दुसरीकडं जाऊ."

"बस रे," मिस्त्री म्हणाला. त्याची नजर तिच्या हातावरून हलली न्हवती. "जोर जास्त झाला?"

"जोर नाही. घाई झाली. थांबायला हवं होतं तिथे थांबले नाही."

"आता थांबतेस?"

"हो."

"हिच्याकडनंच काढायच्या," तो म्हणाला आन् आडवा झाला. महेश बाहेर जाऊन भिंतीवर बुक्की मारून आला. मला म्हणाला, "काका, तुमी तरी समजवा ना." मी समजवणार होतो! मी, ज्यानं पोटीस बांधलं!

दुपारी वहिनी चहाला गेली तेव्हा मी त्याच्या कॉटवर बसलो. म्हटलं, "मिस्त्री, मी खरं सांगून टाकतो. मीच केलं."

"कोणाला सांगतोस?"

"वहिनीला. महेशला."

"सांग. मग महेश तुझे दात पाडील. ही तुला उंबऱ्याच्या आत घेणार न्हाय. माझं काय बरंवाईट झालं तर हिच्या दारचा हापसा कोण काढणार? तो महेश? त्याला पाना कुठल्या बाजूनं धरतात ते ठाऊक न्हाय. तुला पण न्हाय म्हणा. पण तू लाज सोडून उभा तरी ऱ्हातोस."

सोळा वर्षांत त्यानं माझं कौतुक पण एकदाच केलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्याला आत नेलं. साडेचार तास. मी जिन्याखाली बसून नवस बोलत होतो, इतक्या देवांना बोललो की आता फेडायला गेलो तर कामधंदा बंद करायला लागेल. डॉक्टरबाई बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. म्हणाली, "दोन्ही वायरी निघाल्या. टोकासकट. कुठे फाटलं नाही."

मी महेशला मिठी मारली, वॉचमनला मिठी मारली, आन् चुकून एका परक्या माणसाच्या रडणाऱ्या बायकोला पण मारणार होतो, वहिनीनं मागून शर्ट धरला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री शुद्धीवर होता. मानेतून तात्पुरती वायर घातली होती आन् मशीन बाहेर उशाशी ठेवलेलं. "पावणे आता ओट्यावर झोपतात," म्हणाला. पण तो नाराज होता. एवढं मोठं काम स्वतःच्या अंगात झालं आन् त्याला बघायला मिळालं न्हाय! डॉक्टरबाई आली तशी तिला बसवून घेतलं. कुठं अडकली, किती वेळ, कुठल्या हातानं धरलं, सगळं विचारलं. ती हातांनी हवेत दाखवत होती. दुसरी वायर वळणावर दगडासारखी धरली होती.

"मग काय केलंस?"

"थांबले. वीस मिनिटं नुसती ताणून धरून उभी राहिले."

"आन् मग?"

"मग तिनंच वाट दिली."

मिस्त्री म्हणाला, "देते." आन् तिचा हात दोन्ही हातांत धरून बसला. ती पण बसली, बाहेर तिचे पंचवीस पेशंट खोळंबले असतील तरी.

तिसऱ्या दिवशी ताप परत आला. मग छातीचा फोटो काढला तर फुप्फुसात ठिकठिकाणी डाग. मग लघवी बंद झाली. डॉक्टरबाईनं आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, वायरी निघाल्या, पण जंतू त्याच्या आधीच रक्तातून सगळीकडं पोचले होते. "सूज आली तेव्हाच आले असते तर," असं म्हणून ती थांबली. तिनं कोणाकडं बघितलं न्हाय. बघायला पायजे होतं, मी समोरच होतो.

नवव्या दिवशी मिस्त्री गेला.

म्हणजे हत्याराचा काय दोष न्हवता. कुठलं चांगलं, कुठलं वाईट, ह्याच्यावर आम्ही चार दिवस भांडलो. बाप-लेकात अबोला झाला. आन् मरण त्याच्या महिनाभर आधीच आत जाऊन बसलं होतं, गव्हाच्या पिठातून, माझ्या अंगठ्यांतून.

बाराव्याला वहिनीच्या दारात सगळे जमले होते. वहिनी एकेकाला सांगत होती, "हट्टी माणूस. आपलं आपणच पोटीस बांधलं." मी पंगतीत बसलो होतो. तोंडात वडा होता. मी मान हलवली. परत एक वडा घेतला. खोटं न्हाय सांगत, भूक लागली होती.

दोन महिने मी तिच्या दारावरून जाताना रस्ता बदलायचो. मग तिचा हापसा बंद पडला. गेलो. पाइप वर काढताना वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. माझ्याच्यानं ऱ्हावेना. साखळी धरूनच म्हणालो, "वहिनी, पोटीस मी बांधलं होतं."

तिनं सूप खाली ठेवलं न्हाय.

"ठाऊक हाय भावजी."

"मिस्त्रीनं सांगितलं?"

"तो कशाला सांगतोय. मशीन बसल्यापासून त्याचा डावा हात खांद्याच्या वर जायचा न्हाय. अंगातला सदरा मी काढायची. तो पाठीवर गाठ कुठनं मारणार?" एक खडा उचलून तिनं अंगणात टाकला. "आन् पीठ कोणाच्या डब्यातलं? तुमी मागितलंत, मी मापून दिलं. म्हटलं, बरं झालं, मुंबईची फेरी वाचली. डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुमी पंख्याकडं बघत होतात. मी कुठं बघत होते, बघितलंत?"

मी न्हवतं बघितलं.

"साखळी सोडू नका," ती म्हणाली. "पाइप पडेल."

हे सगळं नंतरचं. मिस्त्री मला शेवटचा दिसला तो, तो गेला त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला, भेटायच्या वेळेत. एकालाच आत सोडायचे. वहिनी म्हणाली, "भावजी, आज तुमी जा, माझ्याच्यानं बघवत न्हाय." मी ठरवून गेलो होतो की माफी मागायची. पाठ करून ठेवलं होतं. दाराबाहेर बेसिन होतं, आन् दाराला मोठी काच. सिस्टर म्हणाली, "काका, कोपरापर्यंत धुवा आणि मगच आत."

मी धुतले. साबण लावून, नीट. काचेतून बघितलं तर मिस्त्री माझ्याकडंच बघत होता. नाकात नळी, एक हात सलाइनला बांधलेला. दुसरा हात त्यानं वर केला. मला वाटलं बोलावतोय. मी दाराला हात लावला, तसं त्यानं बोट हलवलं. न्हाय. मग त्याच हाताचा अंगठा त्यानं आपल्या बोटांच्या नखांवरून फिरवला, एकेका नखावरून, सावकाश, आन् माझ्याकडं बोट केलं.

मी बघितलं. नखांत ग्रीस होतं. सोळा वर्षांचं, काळं.

मी परत बेसिनशी गेलो आन् नखं घासायला लागलो. एका नखानं दुसरं खरवडलं. साबण संपला, सिस्टरकडं आणखी मागितला. जातच न्हवतं. मागं कुठंतरी मशीन वाजायला लागलं, रबरी चपला पळाल्या, आन् मी वळून बघितलं तर काचेच्या आतून हिरवा पडदा ओढलेला होता. शेवटचं बघितलं तेव्हा तो हसत होता, का नळीमुळं दात दिसत होते, मला आजपर्यंत कळलं न्हाय.

मी तिथंच उभा ऱ्हायलो, दोन्ही हात वर धरून, कोपरातून पाणी गळतंय. आत जाऊ का म्हणून विचारायचं होतं. सिस्टर पडद्याच्या फटीतून बाहेर आली, मला बघून एक क्षण थांबली.

"काका," ती म्हणाली, "नळ बंद करा."